स्कोलिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना नेमके काय काय होते?

मोगरा_पुणे (धागाकर्ती)

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला स्कोलिओसिस आहे, म्हणजे तिचा कणा बाजूला वाकला आहे. त्याची उजवीकडची वक्रता गेल्या दीड वर्षात ३८ अंशांवरून ५६ अंशांवर गेली. मधल्या काळात ब्रेस (कण्याला आधार देणारा पट्टा) वापरून झाला, आणि आता पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. स्क्रू किती, सळ्या कोणत्या धातूच्या, किती मणके जोडणार, धोके कोणते, हे सर्व सर्जननी तासभर बसून, एक्स-रेवर पेन्सिलीने रेघा मारून समजावले आहे, त्यामुळे त्याबद्दल इथे विचारत नाही.

परवा रात्री अंथरूण घालताना मुलीने विचारले, "आई, मी उठेन तेव्हा मला काय दिसेल?" मी "मी असेन ना समोर" असे म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात चौकशी केली तेव्हा कळले की तेही खरे नाही, कारण पहिली रात्र ती आयसीयूत असेल आणि मला भेटीच्या वेळेतच आत सोडतील.

ज्यांची स्वतःची किंवा मुलांची ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डोळे उघडल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत काय अनुभवले ते जमेल तितके बारकाईने लिहावे, ही विनंती. हे मुलीला आधी सांगावे की नाही, यावरही आमच्या घरात दोन तट पडले आहेत. सासूबाईंचे म्हणणे, "पोरीला आधीच कशाला घाबरवून सोडतेस?" तेव्हा त्याबद्दलही मत द्यावे.

पाऊलवाट

मोगराताई, माझी शस्त्रक्रिया २०१६ साली झाली. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि टी४ पासून एल१ पर्यंतचे, म्हणजे छातीच्या भागातील चौथ्यापासून कमरेच्या पहिल्यापर्यंतचे, माझे दहा मणके जोडलेले आहेत.

रोजच्या झोपेतून जाग येते तशी ही जाग नसते. तोंडावर मास्क धरला, डॉक्टरांनी शाळेचे नाव विचारले, मी ते सांगू लागले, आणि त्या वाक्याच्या मध्येच कोणीतरी मला मोठमोठ्याने हाका मारू लागले. मधले सहा तास माझ्या हिशेबी नाहीतच. हाक मारली होती ती हजेरीपटावरच्या नावाने. त्या नावाने मला घरी कोणीच बोलावत नाही, म्हणून मला वाटले की मी वर्गात झोपले आहे आणि बाई रागावल्या आहेत. मुलीचे घरचे नाव वेगळे असेल तर ते भूलतज्ज्ञांना आणि आयसीयूच्या सिस्टरना आधीच सांगून ठेवा.

मग "डाव्या पायाची बोटे हलव, आता उजव्या" असा हुकूम आला. मी हलवली, "शाबास" ऐकले आणि पुन्हा अंधार. असे तीन-चार वेळा झाले असावे. दिसत मात्र काहीच नव्हते, कारण शस्त्रक्रियेत डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत मलम घालून पट्टी लावतात आणि ते मलम नंतरही पापण्यांवर राहते. दिव्यांभोवती धुके दिसत होते. मला वाटले माझी नजर गेली. हे आधी कोणी सांगितले असते तर ती दहा मिनिटे वाचली असती.

श्वासाच्या नळीमुळे घसा खरवडल्यासारखा झाला होता, जीभ जड होती, आणि तहान तर इतकी की आजही ती आठवते. लगेच पाणी देत नाहीत. सिस्टर ओल्या गॉजने ओठ टिपत होत्या आणि मी तो गॉज चोखायचा प्रयत्न करत होते.

आता पाठीबद्दल, कारण सगळ्यांना तेच जाणून घ्यायचे असते. सुरीने कापल्यासारखे दुखेल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात वाटले ते असे, की पाटा-वरवंट्यातला पाटा कोणीतरी माझ्या पाठीत शिवून टाकला आहे. वजन, ताठपणा आणि खोलवरचा ठणका. जखमेपेक्षा खांदे आणि मानेच्या खालचे स्नायू जास्त ओरडत होते. वर्षानुवर्षे वाकडे राहायची सवय झालेल्या स्नायूंना एका दिवसात सरळ ताणले होते, त्यांची तक्रार रास्तच होती.

अंगाला काय काय लावलेले होते ते मी दुसऱ्या दिवशी मोजले. नाकाशी ऑक्सिजन, दोन्ही हातांना सलाईनच्या सुया, एका मनगटाला रक्तदाब सतत मोजणारी नळी आणि तो हात हलू नये म्हणून खाली पट्टी, बोटाला चिमटा, छातीवर चिकटवलेल्या तारा, जखमेत साचणारे रक्त बाहेर काढणारी, पाठीतून निघालेली ड्रेनची नळी, आणि लघवीची नळी. या शेवटच्या नळीबद्दल मुलीला नक्की सांगा. नळी आत असतानाही जोराची लघवी लागल्यासारखे वाटत राहते. मी लाजत लाजत सिस्टरना तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिले. पायांनाही हवा भरून दाबणारे पट्टे होते, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. त्यांचे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे अर्धवट गुंगीत मांजर पोटऱ्यांना अंग घासते आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती.

गुंगीवाला

मी भूलतज्ज्ञ आहे आणि कण्याच्या शस्त्रक्रियांना नियमितपणे भूल देतो. कोणा एका रुग्णाबद्दल इथे सल्ला देणार नाही, पण पाऊलवाट यांनी लिहिलेल्या काही गोष्टींमागची कारणे सांगतो. कारण कळले की भीती थोडी कमी होते, असा माझा तरी अनुभव आहे.

पायाची बोटे हलवायला सांगणे ही औपचारिकता नव्हे. कणा सरळ करताना मज्जारज्जूवर ताण येऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे आणि पायांकडून मेंदूकडे येणारे विद्युत संदेश सतत तपासले जातात. ही यंत्रे येण्याआधी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्येच थोडे जागे करून पाय हलवायला लावत. फ्रान्समधील स्टाग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी १९७३ साली मांडली. यंत्रावरचे संदेश क्षीण झाले तर आजही कधीकधी तिचा आधार घेतात. रुग्णाला त्या वेळी वेदना जाणवू नये अशी औषधे चालू असतात आणि बहुतेकांना नंतर त्यातले काही आठवत नाही. तरीही "असे करावे लागू शकते" हे मी मुलांना आदल्या दिवशी सांगतो आणि एकदा सरावही करून घेतो.

शस्त्रक्रिया संपल्यावरही पहिला दिवस दर तासाला हीच तपासणी होते. मज्जारज्जूची अडचण क्वचित काही तासांनी उद्भवू शकते आणि ती लवकर लक्षात येणे फार महत्त्वाचे असते. रात्री दोन वाजता सिस्टर पोरीला पुन्हा उठवते आहे म्हणून चिडणारे पालक मी पाहिले आहेत. कृपया चिडू नका.

जिभेचे सांगायचे तर, संदेश तपासताना जबड्याचे स्नायू आकसतात, म्हणून दातांमध्ये गॉजचे बोळे ठेवतो. तरीही कधी जीभ चावली जाते किंवा सुजते. रुग्ण तासन्‌तास पालथा असल्यामुळे चेहरा, ओठ आणि पापण्या चांगल्याच सुजतात. एक-दोन दिवसांत ती सूज उतरते. शुद्धीवर येताना दात वाजेपर्यंत हुडहुडी भरते. ती भुलीमुळे आणि अंग गार पडल्यामुळे असते, तिला ताप समजू नये.

वेदनाशामक पंपाविषयी थोडे. बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्या हातात एक बटण देतात. ते दाबले की शिरेतून ठरावीक मात्रा जाते आणि मग साधारण पाच ते दहा मिनिटे कितीही वेळा दाबले तरी यंत्र काही देत नाही. हे बटण फक्त रुग्णाने दाबायचे असते. झोपलेल्या माणसाचा हात बटणाकडे जात नाही, हीच त्यातली सुरक्षितता आहे. मायेपोटी आईने किंवा मावशीने ते दाबले की ती सुरक्षितता संपते, कारण या औषधांची मात्रा जास्त झाल्यास श्वास मंदावतो. याच औषधांनी नाकाला आणि अंगाला खाज सुटते, मळमळते आणि पोट सुस्तावते. त्यांवर उपाय असतात, तेव्हा सांगायला संकोच करू नये.

चिंचेचे_बोटूक

वाचते आहे. भाचीसाठी धागा साठवून ठेवला आहे.

नाशिककर_बाबा

माझ्या मुलाची शस्त्रक्रिया तो सोळा वर्षांचा असताना झाली. मी वेगळीच बाजू सांगतो: मुलापेक्षा पालकांना आधी सांगण्याची गरज जास्त असते.

संध्याकाळी मला पाच मिनिटांसाठी आत सोडले. खाटेवर होता तो माझा मुलगा आहे हे मला हातावरच्या तिळावरून ओळखावे लागले. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, ओठ दुप्पट, गालावर चिकटपट्टीचे लाल व्रण. मी "कसा आहेस रे" म्हणालो, बाहेर आलो आणि बाकावर डोके गुडघ्यांत घालून बसलो. सुजेबद्दल वर डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या दोन ओळी मला त्या दिवशी दुपारी कोणी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते.

मुलाला आम्ही काहीच सांगितले नव्हते, कारण तो घाबरट आहे असे आमचे मत होते. त्याचा परिणाम असा झाला, की रात्री शुद्ध आल्यावर त्याने नाकातली नळी ओढून काढली आणि उठून बसायचा प्रयत्न केला. ड्युटीवरच्या सिस्टर त्याच्यावर ओरडल्या, "ऑपरेशन फुकट घालवायचंय का?" ते वाक्य त्याच्या मनात इतके बसले, की पुढचे दोन दिवस तो कुशीवर वळायलाही तयार होईना. स्क्रू निखळतील अशी त्याला भीती. शेवटी सर्जननी येऊन, "मी बसवलेले स्क्रू तुझ्या वळण्याने हलणार नाहीत," असे हसत सांगितले तेव्हा गाडी पुढे सरकली.

पहिला दिवस वाटला त्यापेक्षा बरा गेला. त्रासाचा ठरला तो दुसऱ्याच्या रात्रीपासून तिसरा दिवस, कारण पंप काढून गोळ्या सुरू केल्या आणि त्याच वेळी चालायलाही लावले. पोट नगाऱ्यासारखे फुगले होते. चार दिवस फोनवर सगळ्या नातेवाइकांचा एकच प्रश्न असे, "वायू सरला का?" ज्या सकाळी सरला त्या सकाळी आमच्या मातोश्रींनी गणपतीला पेढे ठेवले. हसू नका, तिथे गेल्यावर कळेल.

तिसऱ्या दिवशी तो मऊ भातात मीठ कमी आहे म्हणून ओक्साबोक्शी रडला. अर्धा तास. मीठ हे निमित्त होते.

योगसाधक

शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी योगासने, बस्ती आणि मालिश यांचा वर्षभर प्रयोग करून पाहावा असे सुचवतो. चौदाव्या वर्षी पाठीत लोखंड घालणे अघोरी वाटते.

मोगरा_पुणे

योगसाधक, आपला हेतू चांगला आहे हे समजते. व्यायाम आणि ब्रेस दोन्ही करून झाले आहे. ५० अंशांच्या पुढची छातीच्या भागातील वक्रता वाढीचे वय संपल्यावरही हळूहळू वाढत राहू शकते, हे दोन वेगवेगळ्या सर्जननी स्वतंत्रपणे सांगितले. निर्णय झालेला आहे. हा धागा त्यानंतरचा आहे, तेव्हा तो तिथेच राहू द्यावा.

रॉडवाली_मावशी

मोगरा, बाळ, माझे ऑपरेशन १९८४ साली मुंबईत झाले, मी सोळाची होते. तेव्हा हॅरिंग्टन पद्धतीची एकच पोलादी सळी, वर एक आकडा आणि खाली एक आकडा, असे असे. शुद्धीवर आल्यावर मला पहिल्यांदा दिसली ती छताची पांढरी फरशी, आणि पुढचे कित्येक दिवस तीच दिसली, कारण आम्हाला उठवतच नसत. मग गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरचे जाकीट चढवले आणि ते सहा महिने अंगावर होते. ऐन उन्हाळ्यात आत खाज सुटली की विणकामाची सुई घालून खाजवायची, डॉक्टर ओरडायचे. तुझ्या मुलीला दुसऱ्या दिवशी बसवतील, त्या दिवशी तिला चक्कर येईल, ती "नको" म्हणेल. तरी बसू दे. माझी पाठ आजही सरळ आहे, मात्र कंबर त्या एका सळीमुळे जरा जास्तच सपाट झाली आणि तिचा त्रास मला चाळिशीनंतर झाला. आताच्या पद्धतीत बाजूने पाहिल्यावर दिसणारा कण्याचा नैसर्गिक बाकही जपतात असे ऐकते.

हडसनकाठी

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलीला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसवले, दुपारी दारापर्यंत चालवले आणि चौथ्या दिवशी घरी पाठवले. आमच्या आईवडिलांना, म्हणजे मुलीच्या भारतातल्या आजी-आजोबांना, हा निर्दयपणा वाटला. फिजिओथेरपिस्टने शिकवलेली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे: उठताना पाठीवरून सरळ उठायचे नाही. आधी गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून ओंडक्यासारखे कुशीवर यायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि कोपराने अंग वर ढकलायचे. हे मुलीकडून घरी, शस्त्रक्रियेच्या आधी, आठवडाभर करून घ्या. दुखत असताना नवे काही शिकता येत नाही.

पाऊलवाट

हडसनकाठी यांना अनुमोदन. पहिल्या एक-दोन दिवसांत तर स्वतः वळायचे नसतेच, दोन सिस्टर आणि एक मावशी चादरीसकट वळवतात. "एक, दोन, तीन" म्हणतात तेव्हा छातीशी उशी घट्ट धरायची आणि तीनला श्वास सोडायचा. मी श्वास रोखून धरत असे आणि त्यामुळे जास्त दुखत असे, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

तयारीतल्या बारीकसारीक गोष्टी राहिल्या होत्या. केसांच्या दोन वेण्या घालून त्या पुढे घ्याव्यात, मागे अंबाडा किंवा पिन नको. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर काढावे, बोटावरच्या चिमट्याला अडथळा होतो. वाकणारी स्ट्रॉ हवीच, आडवे पडून पेल्याने पाणी पिता येत नाही. ओठांना लावायला व्हॅसलीन किंवा घरचे तूप, पण आधी सिस्टरना विचारून. सॅनिटरी पॅड बरोबर ठेवा. तारीख नसतानाही माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली होती. आणि घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोडची सोय आत्ताच करून ठेवा.

गुंगीवाला

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले. माझ्या मते सांगावे, पण एका बैठकीत सगळे नको. मुलीला विचारू द्यावे आणि विचारले तेवढे खरे सांगावे. "अजिबात दुखणार नाही" असे मात्र कोणीही म्हणू नये. पहिल्या तासात ते खोटे ठरते, आणि मग "पाय हलव, सगळे ठीक आहे" यावरही मूल विश्वास ठेवत नाही.

आणखी एक वैद्यकीय मुद्दा. मळमळ पहिले एक-दोन दिवस सर्रास असते. परंतु खाणे सुरू झाल्यावरही हिरवट उलट्या होत राहिल्या तर ते अॅसिडिटी म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना लगेच सांगावे. कणा लांबल्यामुळे क्वचित लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग रक्तवाहिनीखाली दाबला जातो, विशेषतः बारीक अंगाच्या मुलींमध्ये. पायात नव्याने अशक्तपणा, लघवी न होणे, जखमेतून पाणी येणे, यांबद्दलही तेच.

मोगरा_पुणे

आज पाचवा दिवस आहे, रुग्णालयातून लिहिते आहे. सर्वांना जमेल तसे वेगवेगळे उत्तर देईन.

शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. आपल्या सर्वांचे प्रतिसाद मी मुलीला तीन आठवड्यांत थोडे थोडे वाचून दाखवले होते. तिने रोज रात्री झोपताना पायाची बोटे हलवायचा सराव केला, डावा आणि उजवा, मी डॉक्टर होऊन हुकूम सोडायचे. सर्जननी बाहेर येऊन सांगितले की तिने टेबलावरच पहिल्या हाकेला दोन्ही पाय हलवले. तिला स्वतःला यातले काहीही आठवत नाही! तिची पहिली आठवण रात्री अकराची आहे, मलमाच्या धुक्यातल्या हिरव्या आकड्यांची. "मला वाटलं लिफ्टमध्ये आहे," असे म्हणाली.

मला भेटायला सोडले तेव्हा तिने "झालं का ऑपरेशन?" असे पाच मिनिटांत चार वेळा विचारले. मी चारही वेळा तेच उत्तर दिले. चेहरा सुजलेला होता, पण नाशिककर बाबांमुळे मी घाबरले नाही. तिचे बाबा मात्र बाहेर जाऊन बसले, कारण त्यांनी हा धागा वाचलेला नव्हता.

इथे कोणीच न लिहिलेली एक गोष्ट घडली. दुसऱ्या दिवशी तिच्या डाव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर होती. पायाचा मुद्दा म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी पायाची ताकद तपासली, ती पूर्ण होती. पालथे झोपवताना कमरेच्या हाडाखाली ज्या गाद्या असतात त्यांनी त्वचेची एक नस दबते, ती संवेदनेचीच नस आहे, बहुतेकांची काही आठवड्यांत सुधारते, असे सांगितले. पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

काल ती खिडकीपर्यंत चालली. काचेत स्वतःला बाजूने पाहिले आणि म्हणाली, "आई, ड्रेस वर गेलाय बघ." ड्रेस वर गेलेला नव्हता, तीच उंच झाली होती. किती सेंटिमीटर ते अजून मोजलेले नाही. मिठाचे रडे आमच्याकडे टरबुजाच्या फोडीवरून झाले, तिसऱ्याच दिवशी. वायूचा प्रश्न आज सकाळी सुटला आणि सासूबाईंना तसे कळवले आहे.

कुशीवर वळवायला सिस्टर आल्या आहेत. उशी द्यायची आहे, उरलेले रात्री लिहिते.